सोसलं म्हणजे साधना झाली, असं नाही

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपल्याकडे माणूस कोसळलेला असतानाच नेमकी ऐकवली जाते. नोकरी गेली की ऐकवतात. सासरी मार खाणाऱ्या लेकीला ऐकवतात. तरुण पोरगा गेलेल्या घरात रक्षाविसर्जनाच्या दिवशीही कुणीतरी ऐकवतंच. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर शिरोळ-करवीरच्या घरांत गाळ तसाच असताना ‘पुरानं लई शिकवलं’ हे वाक्य फिरत होतं. दुःखातून माणूस मोठा होतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो आपोआप होत नाही. दुःख घेऊन काय केलं, किती केलं आणि सोबत कोण होतं, यावर सगळं ठरतं. आणि हे समजायला कोल्हापूरच्या माणसाला लांब जायला नको.

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. आकडा हळूहळू चढवतो. मग लढत, मालिश, थंडाई, जेवण आणि दुपारची झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत. बाहेरच्याला फक्त घाम दिसतो, पण झोप आणि खुराक हा त्या मेहनतीचाच भाग असतो. बैठका मारताना स्नायू दमतात, त्यांत बारीक इजा होते. ती भरून निघते आणि ताकद वाढते ती विश्रांतीत. सवय नसताना ईर्ष्येनं शेकडो बैठका मारल्या तर स्नायू मोडून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा वेळी ‘अंग दुखतंय, होईल बरं’ म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. गुडघा सुजलेल्या पैलवानाला चांगला वस्ताद मातीतून बाहेर काढतो. त्याला बसवून ठेवण्यातच वस्तादाचं कसब आहे, असं माझं मत.

व्रतांचंही तेच. नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि अनवाणी चालणं आपल्याकडे घरोघरी आहे, आणि त्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याचा मधुमेह जुना आहे आणि तळपायाची जाणीव कमी झाली आहे, त्याला काच रुतलेली कळत नाही. जखम चिघळते, कधी बोट कापायची पाळी येते. अशा माणसानं चप्पल घालूनच अंबाबाईच्या दर्शनाला निघावं, दारात काढावी आणि घरी आल्यावर रोज तळवे उजेडात तपासावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिथे उपवास मोडला म्हणून देवी कोपत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर हट्टानं स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला स्पष्ट तामस म्हटलंय.

हा विचार सगळ्यांत बारकाईनं केलाय तो आपल्या जिल्ह्यातल्या जैन समाजाच्या परंपरेनं. हातकणंगले-शिरोळ भागात, कुंभोजच्या बाहुबलीला, भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात तपाची चर्चा दरवर्षी होते. तपाचे प्रकार 12. त्यांतले 6 बाह्य: उपवास, भुकेपेक्षा कमी खाणं, आहारावर नियम घालणं, रसत्याग म्हणजे दूध-तुपासारखे चवीचे पदार्थ सोडणं, एकांत आणि कायक्लेश. म्हणजे शरीराला कष्ट देणं हा बारांतला एकच. उरलेले 6 आतले: प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग (देहाची नि वस्तूंची ओढ सोडणं), ध्यान. यातलं वैयावृत्त्य म्हणजे आजारी, थकलेल्या साधूंची सेवा. उपवास करणं आणि दुसऱ्याचं दुखणं काढणं, दोन्ही एकाच यादीत आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. निर्जरा म्हणजे साठलेलं कर्म झडणं. नाइलाजानं सोसलेल्या कष्टातून जी होते तिला ही परंपरा अकाम निर्जरा म्हणते आणि समजून-उमजून केलेल्या तपाहून ती खूपच खालची मानते. वियोगाचं किंवा वेदनेचं सतत चिंतन करत राहणं हे तर आर्तध्यान. त्यानं कर्म झडत नाही, उलट बांधलं जातं. इतकं कडक तप सांगणारे लोकसुद्धा नुसत्या वेदनेला पुण्य म्हणत नाहीत.

आजचं मानसशास्त्र दुसऱ्या वाटेनं याच्याच जवळ येतं. रिचर्ड टेडेस्ची आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी अभ्यासकांनी आघातानंतरच्या वाढीचा विचार 1990 च्या दशकात मांडला. 21 प्रश्नांची त्यांची मोजपट्टी पाच गोष्टी बघते: नाती, नव्या वाटा, स्वतःचं बळ, अध्यात्म आणि जगण्याची किंमत. वाढीचं श्रेय ते आघाताला देत नाहीत, आघातानंतरच्या झगड्याला देतात. वाढ झाली म्हणून दुःख संपतं असंही नाही, दोन्ही बरोबरीनं राहतात. आपोआप डोक्यात घुसणारे विचार वेगळे आणि आपण बसून केलेला विचार वेगळा, हा फरकही ते करतात.

हा विचार ‘बसून’ करायची एक सोपी रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 पासून तपासली आहे. सलग तीन-चार दिवस, रोज 15 ते 20 मिनिटं, ज्यानं आत पोखरलंय त्याबद्दल न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. फक्त घटना लिहू नका, त्या वेळी काय वाटलं तेही लिहा. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळतंय’ अशा तऱ्हेचे शब्द वाढले, त्यांना फायदा जास्त झाला. रोज तेच गाऱ्हाणं त्याच शब्दांत आलं तर मात्र ते आर्तध्यानच, वही बंद करा. घाव ताजा असताना, पहिल्या काही आठवड्यांत, हे करू नये. तेव्हा झोप, जेवण आणि माणसं पुरेत. लिहून थोडा वेळ जड वाटणं ठीक, पण लिहिताना दम कोंडला, तोल सुटू लागला तर थांबावं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांना दाखवावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंच नाही. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र मोफत आहे.

आता जे मला सर्वांत जास्त टोचतं ते. ‘सोशिक’ हे आपल्याकडे बाईचं कौतुक आहे. मारहाण सोसणं ही कसली साधना? तिथे वस्ताद नाही, विश्रांती नाही, आणि थांबायचा हक्कही तिच्याकडे नाही. 2005 चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहेत. तिला म्हण ऐकवण्याऐवजी तिथपर्यंत सोबत करा. शाळेत मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो, म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं: जे घडले नाहीत ते सांगायला पुढे येत नाहीत.

स्वतःच्या दुःखाला अर्थ द्यायचा हक्क ज्याचं दुःख त्याचाच. दुसऱ्यानं करायची कामं वेगळी आहेत. दिवसकार्य झालं की घर एकदम रिकामं होतं, म्हणून महिन्यानं जा, तीन महिन्यांनी जा. जाताना डबा न्या. वारसनोंद, बँकेतलं खातं, गॅसचं नाव बदलणं या चकरांत बरोबर जा, कारण मृत्यूच्या दाखल्याची प्रत प्रत्येक खिडकीवर एकट्यानं पुढे करणं फार जड जातं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, टाळू नका. या सगळ्यातून काय मिळालं ते त्या घरातलं माणूस आपणहून सांगू लागलं तर बसून ऐका, आणि नाही सांगितलं तर विचारू नका.