बोला की, पण पत्ता तेवढा नीट लिहा

तुमच्या गावच्या रस्त्याचं डांबर पहिल्याच पावसात वाहून गेलं, मोजमाप पुस्तकात मात्र ते अजून जाडजूड आहे, हे तुमच्या लक्षात आलंय. लक्षात येण्याला कोणाची हरकत नसते. पण तुम्हाला बोलायचंही आहे. बोला, जरूर बोला. बोलणाऱ्याच्या पाठीशी आपल्याकडे भरपूर कायदे आहेत. पाठीशी म्हणजे अक्षरशः पाठीमागे. पुढे तुम्हीच उभं राहायचं.

सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करा. राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'रस्ता का वाहून गेला?' असं चुकूनही विचारू नका. 'मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' असं लिहून अर्ज निकाली निघेल, आणि त्यात जन माहिती अधिकाऱ्याचं फारसं चुकतही नाही. कार्यालयात जे कागद आहेत तेवढेच द्यायला तो बांधील आहे. म्हणून कागदाचं नाव घ्या: अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकाच्या नोंदी, साहित्य चाचणी अहवाल, अंतिम देयक, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, साक्षांकित प्रती. 'सर्व कागदपत्रे' लिहिलंत की माहिती 'मोघम' ठरते. कालावधी विसरलात की 'बोध होत नाही'. आणि सगळं बिनचूक लिहिलंत की 'अभिलेखावर आढळून येत नाही'.

माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. त्यामुळे साहेब ते विचारत नाहीत. ठेकेदार फोन करून विचारतो. उत्तराला कायद्याने ३० दिवस असतात, फोनला तिसरा दिवसही पुरतो.

त्याला तुमचा नंबर कुठून मिळाला, असा बावळट प्रश्न पडू देऊ नका. कलम ११ मध्ये त्रयस्थ पक्षाला, म्हणजे इथे ठेकेदाराला, पाच दिवसांत नोटीस द्यायची आणि म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे, अशी सोय आहे. वास्तविक ती त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीपुरती. सरकारी पैशाच्या रस्त्याचं बिल कसलं गोपनीय? शिवाय नोटिशीत अर्जदाराचं नाव घाला, असंही कायदा कुठे म्हणत नाही. पण अर्जाची झेरॉक्सच जोडून दिली की टायपिंग वाचतं. आणि सगळीकडे नोटिशीचीही गरज पडते असं नाही, टपरीवरचा एक चहा पुरतो.

पत्त्याच्या जागी टपाल पेटी क्रमांक दिला तरी चालतो, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आणि केंद्राने तसं सगळ्यांना कळवलंही. तुम्ही मात्र असा भित्रेपणा करू नका. घर नंबर, गल्ली, जवळची खूण, सगळं लिहा. सकाळी फिरायला कुठल्या रस्त्याने जाता, तेवढा रकाना जोडपत्रात राहून गेलाय. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांची माहिती काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. त्याआधी त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मध्ये तपास पुन्हा उघडावा लागला, म्हणून नंतर असा अहवाल आणखी एकदा दिला.

असो. तुम्हाला धमकी आली, की पोलीस ठाण्यात जा. जेवून जा. ठाणे अंमलदार आधी हद्द विचारतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते, हे तुम्ही सांगाल. ते मान डोलावतील आणि म्हणतील, साहेब बंदोबस्ताला गेलेत, अर्ज देऊन ठेवा. अर्ज द्याल, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. (उठलात तर तुम्ही आला होता याला साक्षीदार फक्त कॅमेरा, आणि तो नेमका त्या दिवशी बंद असतो.) फार आग्रह धरलात तर एनसी होईल. म्हणजे गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. तुम्हाला जिवे मारणार असं कोणीतरी म्हणालं होतं, याची सरकारदरबारी व्यवस्थित नोंद मात्र राहते. पुढे वर्तमानपत्रांना ती फार उपयोगी पडते.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवला नाही, तर कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने लेखी खबर पाठवा, पावती जपा. तिथेही काही हललं नाही, की प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हा क्रम चुकवून थेट कोर्टात गेलात तर 'आधी अधीक्षकांकडे गेलात का?' याच प्रश्नावर एक तारीख खर्ची पडते. आणि तक्रार सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची असेल, तर नव्या संहितेने खास काळजी घेतली आहे: तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं विचारात घ्यायचं. ही काळजी तुमची नव्हे, त्याची.

गुन्हा नोंदवला गेलाच, तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. 'तपास चालू आहे' हेही कळवणंच असतं.

जागल्यांसाठी, म्हणजे आतला भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांसाठी, वेगळा कायदा नाही का? आहे तर! सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत, २०१४ साली, संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा पूर्ण केला, राष्ट्रपतींची सही झाली. लागू करण्याची अधिसूचना काढायची तेवढी राहिली आहे. वापरून खराब होऊ नये म्हणून असेल. लागू झालाच तर निनावी तक्रार त्यात चालणार नाही, सात वर्षांपूर्वीचं उकरून काढता येणार नाही, आणि तक्रार जाणूनबुजून खोटी ठरली तर दोन वर्षांपर्यंत कैद तुम्हाला.

साक्षीदार संरक्षण योजना मात्र चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे करायचा. समितीत पोलीसप्रमुख असतात आणि सरकारी अभियोक्त्यांचे प्रमुख सदस्य सचिव असतात. धोका किती, याचा अहवाल त्या भागाचे उपअधीक्षक पाच कामकाजी दिवसांत देतात. म्हणजे ज्या ठाण्याने तुमची एनसी केली, त्याच्याच वरचे साहेब. संरक्षण मिळालं तर एका वेळी तीन महिन्यांचं. खटला तीन महिन्यांत संपणार नाही, तेव्हा मुदतवाढीचा अर्ज आधीच टाइप करून ठेवा. एक अडचण आहे. योजना मुख्यतः गंभीर गुन्ह्यांच्या साक्षीदारांसाठी आहे, साधारण सात वर्षांच्या शिक्षेपासून पुढच्या. त्यामुळे हल्लेखोरांशी बोलताना हिशेब चोख ठेवा. दोन थोबाडीत आणि शर्ट फाडणं एवढ्यावर भागवून घेतलंत, तर तुम्ही योजनेत बसत नाही.

आता मूळ अर्जाकडे. ३० दिवस उलटले तर पहिलं अपील करा, राज्यात जोडपत्र 'ब' आणि वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यालाही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. ते किती दिवसांत निकाली काढायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे आयोगाकडून कधी उशीर होतच नाही.

घाई असेल तर एक मार्ग आहे, फारसा कोणाला ठाऊक नाही. माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याचे प्रलंबित अर्ज तपासायचे आणि त्याने मागितलेली माहिती त्या खात्याला संकेतस्थळावर प्रसिद्ध करायला सांगायची, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये केला आहे. ठराव केंद्रीय आयोगाचा, तेव्हा घोटाळा निवडताना जिल्हा परिषदेचा रस्ता सोडा, राष्ट्रीय महामार्ग धरा. केंद्रात अपिलाला फी नाही. आणि माहिती संकेतस्थळावरच येणार म्हटल्यावर प्रतींचे पानामागे दोन रुपयेही घरच्यांना भरावे लागणार नाहीत.