बाळूचं काय करायचं?

बाळू आमच्या खाऱ्या पाण्याच्या मासेटँकमध्ये कधी आला, मला माहीत नाही. एखाद्या कोरलच्या (प्रवाळाच्या) फ्रॅगबरोबर, म्हणजे कापलेल्या तुकड्याबरोबर, दगडाच्या चिरेत दडून आला असावा. पहिल्यांदा दिसला तेव्हा करंगळीच्या नखाएवढा होता. तपकिरी, काचेसारखा अर्धपारदर्शक देठ, वर तबकडी, तबकडीच्या मधोमध तोंड आणि कडेनं लांबच लांब, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या मिशा. मी हरखलो. एवढं देखणं समुद्रफूल (सी ॲनिमोन), तेही फुकट! मी त्याला रोज पिपेटनं ब्राइन श्रिंप, म्हणजे माशांचा खाऊ असलेले बारीक कोळंबीसारखे जीव, भरवू लागलो. बाळू हे नावही मीच ठेवलं.

टँकमधले क्लाउनफिश त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. ज्या माशांचा जन्म समुद्रफुलांच्या कुशीत लोळण्यात जातो, ते जर एखाद्या फुलाला वळसा घालून जात असतील तर माणसानं समजून घ्यावं. मी म्हटलं, नवीन आहे, लाजत असतील.

दीड महिन्यात बाळूच्या आजूबाजूला अकरा बाळू झाले आणि शेजारच्या झोआंथिडनं, म्हणजे कोरलसारख्याच एका प्राण्यानं, तोंड मिटून घेतलं. मग मी वाचायला बसलो. बाळूचं खरं नाव ऐप्टेशिया. शेजाऱ्याला डंखपेशींनी भाजून काढायचं आणि त्याची जागा बळकवायची, हा त्याचा पिढीजात धंदा. त्याचा एक भाऊबंद आहे, मॅजानो. त्याच्या मिशा आखूड आणि टोकाला फुगीर असतात, त्यामुळे तो तर आणखीनच खानदानी वाटतो.

"म्हणजे दीड महिना तू वाळवीला हातानं भरवत होतास?" बायको म्हणाली. यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी चिमटा आणला.

चिमटा लावताच बाळू अर्ध्या सेकंदात दगडात गडप झाला. मी जोर करून ओढलं, हातात अर्धा बाळू आला. उरलेला अर्धा दगडातच राहिला, आणि इथेच सगळी मेख आहे. ह्या प्राण्याच्या पायाचा कणभर तुकडा जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा प्राणी उभा राहतो. कुणी ओढायचीही गरज नसते, सरकता सरकता तो स्वतःच असे तुकडे मागे सोडत जातो. रक्तबीजाचं रक्त झेलायला देवीकडे निदान जीभ होती. माझ्याकडे पाच मिलिलिटरची सिरिंज होती.

सिरिंजीत भरायचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साधा विरवलेला चुना, दाटसर कालवून. सुई लांबूनच हळूहळू न्यायची, मिशांना धक्का लागू द्यायचा नाही आणि तोंडावर अलगद एक थेंब सोडायचा. खाऊ आला असं वाटून तो मिशा आत वळवतो, त्याच क्षणी उरलेला चुना सोडायचा. बाळूनं तो थेंब इतक्या विश्वासानं घेतला की माझा हात थरथरला. खाऊ घालणारा हात त्याच्या ओळखीचाच होता ना!

त्या आधी पंप बंद करायचे असतात. ते मला आठवलं तेव्हा टँकमध्ये धुकं उतरलं होतं आणि दोन्ही क्लाउनफिश काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होते. चुन्यानं पाण्याचा पीएच भराभर चढतो, म्हणून एका दिवशी दोन-चारच टिपायचे. हेही मला सातव्या बाळूनंतर कळलं. आठवा तर बाळू नव्हताच. तो एक नळीतला पिसारेवाला किडा होता. तोही चाहूल लागली की झटकन आत जातो, पण त्याला नळी असते आणि मिशांच्या जागी पिसं असतात. हा फरक मी त्याच्या उत्तरक्रियेच्या वेळी पाहिला.

मग दोन पेपरमिंट कोळंब्या आणल्या. पारदर्शक अंगावर बारीक लाल रेघा. पाठीला कुबड आणि अंगावर ठळक पांढरे पट्टे असले तर ती उंट कोळंबी, ती बाळू सोडून कोरल खाते. आमच्या कोळंब्या अस्सल निघाल्या, फक्त त्यांना ऐप्टेशियाची आवड नव्हती. कोरलच्या तोंडातला घास पळवण्याची मात्र होती.

शेवटी बर्गिया. दोनेक सेंटिमीटरची, अंगभर झालर ल्यालेली समुद्री गोगलगाय. ती ऐप्टेशिया सोडून दुसरं काही खातच नाही. दिवसा दडते, रात्री जेवते. मी रात्री दोन वाजता लाल बॅटरी घेऊन काचेपाशी उकिडवा बसायचो. एकदा दिसली. बाळूच्या एका वंशजाच्या देठाला तोंड लावून ती निवांत बसली होती, आणि तो वरून सुरकुतत होता. मला इतका आनंद झाला की बायकोला उठवलं. तसं करायला नको होतं.

दोन महिन्यांत दगड स्वच्छ झाले. आता बर्गियाला खायला काही उरलं नाही, ती उपाशी मरणार, म्हणून काळजी लागली. प्रयोगशाळांमध्ये कोरल आणि त्यातल्या शेवाळाचं नातं अभ्यासायला ऐप्टेशिया मुद्दाम वाढवतात म्हणे. क्षणभर वाटलं, एका बरणीत आपणही दोन-तीन...

"ऐक ना," बायको काल म्हणाली. ती टँकची काच पुसत होती, आणि हातातल्या चुंबकी ब्रशकडे डोळे बारीक करून बघत होती. "ह्याच्या कडेला हे काय चिकटलंय? तपकिरी आहे. मिशा आहेत."

मी पिपेट घेऊन धावलो. ब्राइन श्रिंपचा डबा दुसऱ्या हातात होता, हे तिनं दाखवल्यावर कळलं.