बाहेरून आलेल्यांसाठी मोफत सल्ला

नव्या ठिकाणी राहायला निघालात? उत्तम. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तिथे नियम आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहेत आणि तुम्हाला ते कोणीही सांगणार नाही. यात खोडसाळपणा नसतो. त्यांनाही ते कधी कोणी सांगितलेले नसतात, त्यामुळे आपण काही नियम पाळतोय हेच त्यांच्या गावी नसतं. नियम ऐकू येतो तो तुमच्या हातून मोडल्यावर. तेव्हा उगाच निरीक्षण वगैरे करत बसू नका, सरळ मोडायला लागा. जिथे रांग दिसत नाही तिथे रांग असते. रिकामी खुर्ची रिकामी नसते. ती एका ठरावीक गृहस्थांची असते आणि तुम्ही टेकलात रे टेकलात की ते दारात उभे राहतातच. ते काही बोलणार नाहीत. नुसते उभे राहतील. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तुम्हाला रात्री अंथरुणात वाटेल, आणि तसं वाटावं म्हणूनच ते बोललेले नसतात.

पत्ता मात्र जरूर विचारा. "ती जुनी इमारत होती ना, तिच्या समोरून आत," असं उत्तर येईल. ती इमारत पाडून जमाना झालेला असतो, पण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती अजून उभी असते. तुम्ही मान डोलवा, "हो हो, कळलं" म्हणा आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याने दाखवलेल्या दिशेने चालत राहा. मग कोपऱ्यावर थांबून मोबाइल काढा आणि नकाशातला बाण सरळ होईपर्यंत जागच्या जागी गोल फिरा. लांबच्या लोकांनाही कळायला हवं.

'मूळचे कुठले?' हा प्रश्न भूगोलाचा आहे असं समजू नका. आत्ता राहता तो पत्ता सांगितलात तर "ते झालं हो, पण मूळचे?" हे ठरलेलं. जन्म इथलाच आहे असं सांगून तर मुळीच सुटका नाही. मग आईवडील, आजोबा असं खणत खणत तुम्ही परके ठराल त्या पिढीपर्यंत चौकशी जाते. त्यापेक्षा पहिल्याच फटक्यात समोरच्याला हवं ते उत्तर देऊन टाका. तो "वाटलंच!" म्हणेल. त्याचा दिवस चांगला जाईल.

समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच सांगून ठेवलंय, की आज येऊन उद्या निघून जातो तो परका नव्हे. आज येतो आणि उद्याही राहतो तो परका. आपल्या पूर्वजांनी हाच हिशेब आणखी एक दिवस पुढे नेऊन ठेवला होता: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. थोडक्यात, कौतुक हवं असेल तर दोन दिवसांत परतीचं तिकीट काढा. झिमेल यांचं आणखी एक निरीक्षण फार कामाचं आहे. जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी लोक परक्यापाशी बिनधास्त बोलून टाकतात. म्हणजे दोन भावांनी अबोला का धरला, ते तुम्हाला दोन्ही बाजूंनी तपशीलवार कळेल. घरच्या लग्नाचं निमंत्रण मात्र येणार नाही. तुम्हाला फार माहिती आहे ना!

कर्तृत्व दाखवलं की आपलं म्हणतील, अशी आशा असेल तर ॲरिस्टॉटलकडे बघा. स्टॅगिरात जन्मलेला हा माणूस अथेन्समध्ये दोन खेपांत मिळून ३० वर्षांहून अधिक काळ राहिला, तिथे शिकला, तिथे शिकवलं. नागरिक कोणाला म्हणावं याची मीमांसाही त्याने केली. स्वतः मात्र त्या नगराचा नागरिक नव्हता. बाहेरून येऊन राहिलेल्यांना तिथे जमीन घेता येत नसे, मत देता येत नसे, हमी घ्यायला एक स्थानिक नागरिक गाठावा लागे आणि पुरुषांना वर्षाला १२ द्राक्मांचा खास कर पडे. युद्ध आलं की लढायला बोलावत, तेवढ्यापुरता कोणी आपपर भाव ठेवत नसे. तेव्हा तुमची पदवी, तुमचा अनुभव वगैरे असू द्या बाजूला. ॲरिस्टॉटलचं जे झालं नाही ते तुमचं होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आता तुमच्या बाजूने काय करायचं ते. पहिल्या आठवड्यापासून 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य वापरात आणा. जी जागा सोडून आलात ती सोडल्यापासून झपाट्याने सुधारत असते. तिथलं पाणी गोड होतं, माणसं शब्दाला जागतात, कामं वेळेवर होतात. मग सोडली का, हा प्रश्न कोणी विचारलाच तर विषय बदला. लवकरच तुमच्यासारखेच आणखी काही बाहेरचे भेटतील. दर आठवड्याला जमा आणि इथल्या लोकांना मनसोक्त नावं ठेवा. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरोत दिलेल्या भाषणात अशा बैठकांना चक्क आजाराचं लक्षण ठरवलं होतं. वरचेवर हात धुणं, पिण्याच्या पाण्याची नको इतकी धास्ती, आपल्याला लुबाडतायत ही शंका, शून्यात लागलेली नजर, ही त्यांच्या यादीतली आणखी काही लक्षणं. तुम्ही यादीकडे दुर्लक्ष करा. आजारपणात सोबत मिळते, हे काय कमी आहे?

नाव चुकीचं उच्चारलं तर दुरुस्त करू नका. त्यांनी ठेवलेलं नाव त्यांच्या लक्षात राहतं, तुमचं राहणार नाही. विनोदाला सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसा. कळला असेल तर आणखी उशिरा, म्हणजे विचार केल्यासारखं दिसतं.

एवढं करूनही आपल्यात काय कमी आहे हे कळत नसेल, तर नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉट्सन या दोघांनी ते शोधून ठेवलं आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका वस्तीचा त्यांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या जुन्या कामगारांनी नव्या कामगारांना जवळ येऊ दिलं नव्हतं. देश तोच, वर्ग तोच, कामंही त्याच तऱ्हेची. फरक एकच: काही जण आधी आले होते, काही नंतर. तरीही नव्यांना जोखायचं ते त्यांच्यातल्या सर्वांत वाईट घरांवरून आणि स्वतःला जोखायचं ते आपल्यातल्या सर्वांत चांगल्या घरांवरून, अशी तिथली सोयीची मोजमापं होती. (ही मोजमापं लेस्टरबाहेर कुठेच चालत नाहीत, हे आपलं नशीब.)

आता यात तुमच्यासाठी केवढी मोठी आनंदाची बातमी आहे बघा. आधी येणं एवढीच पात्रता असेल, तर ती कमवायला काहीच करावं लागत नाही. नुसतं थांबायचं. कधीतरी तुमच्यानंतरचा कोणीतरी सामान घेऊन येईल, नको त्या खुर्चीत बसेल आणि पहिल्यांदाच सगळे तुमच्याकडे बघून ओठ दाबून हसतील. त्या हसण्यात सामील व्हायला लाजू नका. त्याला मदत करण्याचा मोह होईल, तो आवरा. तुम्हाला कोणी केली होती? पुढे एखाद्या संध्याकाळी एखादे जुने रहिवासी, तुम्ही कोण हे साफ विसरून, तुमच्यापाशीच उसासा टाकतील, "ही बाहेरची माणसं आली आणि इथलं सगळं बिघडलं बघा." गडबडू नका. तुम्हीही उसासा टाका. आणि बिघडायला सुरुवात नेमकी कधी झाली असं त्यांनी विचारलं, तर तुम्ही आलात त्याच्या पुढचं वर्ष सांगा.