‘इन’ म्हणजे ‘नाही’? मग टँकरमागे विडी पेटवून दाखवा

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो: इंग्रजी शब्दांची सुरुवातीची अक्षरं सारखी, तर अर्थही एकाच घरातला, सुरुवाती तेवढ्या पाठ करा आणि डिक्शनरीला रामराम ठोका. खाली यादी. ‘इन’ म्हणजे नाही, ‘पेड’ म्हणजे पाय, ‘मॅन’ म्हणजे माणूस, ‘ग्ल’ म्हणजे चमक.

‘इन’पासून सुरू करू. इनकरेक्ट, इनव्हिजिबलपर्यंत गाडी सुरळीत चालते. पण पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. यादीप्रमाणे अर्थ निघतो, ‘अजिबात पेट न घेणारं’! हा ‘इन’ नकाराचा नाहीच. शब्द आला लॅटिन ‘इन्फ्लामारे’वरून, म्हणजे पेटवणे. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातही इथे गफलत व्हायची धास्ती होतीच, म्हणून तर अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२०च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. इन्व्हॅल्युएबलमध्ये नकार खराखुरा आहे, तरी अर्थ ‘कवडीमोल’ नव्हे, ‘अमूल्य’. म्हणजे कुठला ‘इन’ कसला, हे कळायला शब्द आधीच माहीत असावा लागतो. मग यादी हवी कशाला?

‘पेड’चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. पेडल, पेडेस्ट्रियन यांतला लॅटिन ‘पेड’ पायाचाच, आपल्या ‘पद’चा चुलतभाऊ. पण पेडिॲट्रिशियन पायांचा डॉक्टर नाही. तिथे ग्रीक ‘पाइस’ आहे, म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंगात पी-ए-ई असं येतं, त्यामुळे फरक निदान डोळ्यांना दिसतो. अमेरिकन स्पेलिंगने मधला ‘ए’ उडवला आणि दोन वेगळी घराणी एका छपराखाली आली. अर्थात स्पेलिंग पाहूनही भागत नाही. २००० साली वेल्समधल्या न्यूपोर्टला एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या घरावर कुणीतरी ‘पीडो’ असं रंगवून ठेवलं. पीडोफाइल म्हणजे मुलांबद्दल लैंगिक ओढ असणारा. दोन्ही शब्दांत मूल आहे, पण एक त्याला बरं करणारा आणि दुसरा त्याच्यावर डोळा ठेवणारा. सुरुवातीची अक्षरं सारखी असण्यावर भरवसा ठेवल्याचा याहून वाईट नमुना मला तरी ठाऊक नाही.

‘मॅन’चं थोडक्यात. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट यांत माणूस नाही, लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात आहे. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हस्तलिखितच. शेतातल्या खताचा ‘मॅन्युअर’सुद्धा हाताने राबण्यावरूनच आलेला.

उलट बाजूही बघा. पेन आणि पेन्सिल कंपासपेटीत शेजारी, पण नातं शून्य. पेन आलं पिसावरून, पेन्सिल कुंचल्यावरून. पेन्सिलची खरी नातेवाईक पेनिसिलिन, कारण हे औषध ज्या बुरशीपासून मिळतं, ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते.

‘ग्ल’बाबत मात्र मेसेजवाल्याला थोडे मार्क द्यायला हवेत. ग्लिटर, ग्लो, ग्लीम, सगळे चमकणारे. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली असल्या ध्वनिगटांना ‘फोनेस्थीम’ असं नावही दिलं. पण तो कल आहे, नियम नव्हे. ग्लव्ह आणि ग्लू यांत कसली आलीय चमक? आणि ग्लूम म्हणजे तर चक्क काळोख.