एंजल्स शेअर: मे महिन्यात आणि डिसेंबरात

किलियन या ब्रँडचं ‘एंजल्स शेअर’ हे परफ्यूम मी मे महिन्यात आवडलं नाही म्हणून कपाटात मागे सारलं होतं. डिसेंबर लागल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी लावतेय. आज सविस्तर लिहिते, कारण “फारच गोड आहे, कॉलेजातल्या मुलींचं वाटतं” हे याच्याबद्दल इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही.

आधी मे महिन्याचं सांगते. दुपारचं लग्न, पुण्यातलं कार्यालय, अंगावर रेशमी साडी आणि मानेवर चार फवारे. अक्षता पडेपर्यंत मलाच मळमळायला लागलं. घामात मिसळून तो गोडवा जड झाला, सर्दीच्या औषधासारखा. शेजारी बसलेली मावशी काही न बोलता उठली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. घरी आले, बाटली कपाटात गेली. दोष परफ्यूमचा, असं तेव्हा मी ठामपणे ठरवून टाकलं होतं.

आता मला ते अन्यायाचं वाटतं. का, ते सांगते.

या परफ्यूमच्या नावातच त्याची गोष्ट आहे. किलियन हेनेसी हा कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, बनवणाऱ्या हेनेसी घराण्यातला. १७६५ पासूनचा तो धंदा. त्याने २००७ मध्ये स्वतःचा परफ्यूमचा ब्रँड काढला आणि २०२० मध्ये हे आणलं, बेन्वा लापूझा या परफ्यूमरकडून बनवून घेऊन. फ्रान्समधल्या कोन्याक गावात ही दारू ओकच्या पिंपांमध्ये वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. मुरताना लाकडातून दरवर्षी साधारण २ टक्के उडून जाते. जे उडालं तो देवदूतांचा वाटा, असं तिथले लोक म्हणतात. त्या वाफेवर एक काळी बुरशी पोसते आणि गोदामांच्या भिंती, छपरं काजळी धरल्यासारखी होतात. मला हे फार आवडतं. वास हवेत जाऊन भिंतीवर दिसायला लागतो!

बऱ्याच जणांना वाटतं की परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं म्हणून दारूचा भास होतो. तसं नाही. कुठल्याही स्प्रेमधलं अल्कोहोल पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातं. इथे कोन्याक तेल वापरलंय. वाईन गाळल्यावर खाली जो यीस्टचा गाळ उरतो, तो वाफेवर उकळून हे तेल काढतात. त्याला फळांचा, किंचित हिरवट असा वास असतो. सोबत दालचिनी, टोंका बीन (व्हॅनिलासारख्या वासाचं एक बी), ओकचं लाकूड, प्रालिन (साखरेच्या पाकात घोळवलेल्या सुक्यामेव्याचा गोड वास), व्हॅनिला आणि चंदन.

अंगावर कसं वाटतं? संध्याकाळी सातला मनगटाच्या आतल्या बाजूला एक फवारा मारा आणि चोळू नका. पहिली वीस मिनिटं यातली सगळ्यात सुंदर. दालचिनी, ओलसर लाकूड आणि शिजवलेल्या सफरचंदाचा भास. यादीत सफरचंद कुठेच नाही, तरी मला दर वेळी येतो. मग प्रालिन वर येतं. इथे मात्र माझी तक्रार आहे: दुसऱ्या तासात ते बाकी सगळ्यांना दाबून टाकतं आणि ओक मला हवा त्यापेक्षा लवकर मागे हटतो. चार तासांनी पुन्हा तोल येतो आणि व्हॅनिलाखालून लाकूड डोकावायला लागतं.

आई संक्रांतीला गुळाचा पाक करते तेव्हा कढईपाशी एक क्षण येतो. फेस वर येतो, रंग गडद होतो आणि वासात अगदी बारीक कडवटपणा उतरतो. आई तेवढ्यात गॅस बंद करते. त्याआधीचा पाक नुसता गोड, त्यानंतरचा करपलेला. या परफ्यूमच्या पहिल्या अर्ध्या तासात मला नेमका तो क्षण भेटतो. लाकडाचा तुरटपणा गोडाला आवर घालतो. म्हणूनच ते मला पोरकट वाटत नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी ते बहुतेक दुकानात कागदाच्या पट्टीवर, एसीत, आणखी पाच वासांच्या रांगेत हुंगलेलं असतं. कागदाला ऊब नसते. तिथे प्रालिन तेवढं ओरडतं.

आणि ऋतू. आमचे आजोबा कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवायचे. उन्हाळ्यात वाळा किंवा मोगरा, थंडीत हिना. हिना ऊबदार, म्हणून ती उन्हाळ्यात बाहेर निघायचीच नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, सगळेच तसं करायचे. आपण मात्र एक महागडी बाटली आणतो आणि तीच बारा महिने लावतो, मेमध्येसुद्धा, आणि मग परफ्यूमला नावं ठेवतो. गरम कातडीवरून वास भराभर उडतो, घामटलेल्या हवेत तो अंगाभोवतीच घुटमळतो, त्यात गोड वास सगळ्यात आधी अंगावर येतात. मुंबईत राहत असाल तर जानेवारीतल्या रात्रीसुद्धा दोन फवारे पुरे. पुणे, नाशिक, नागपूरला थंडीत तीन चालतील.

किंमत पाच आकडी आहे, त्यामुळे ब्लाइंड बाय, म्हणजे वास न घेताच खरेदी, अजिबात करू नका. खात्रीच्या माणसाकडून पाच मिलीची डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली छोटी कुपी, घ्या. मी सुरुवातीला ऑनलाइन एकाकडून घेतलेली डिकँट तासाभरात गायब झाली आणि मागे नुसती स्वस्त व्हॅनिला राहिली. खरं एंजल्स शेअर माझ्या अंगावर आठ तास सहज टिकतं, कपड्यावर त्याहून जास्त.

परवा रात्री शाल पांघरून गच्चीत बसले होते. सकाळी आईने ती घडी करायला उचलली, नाकाशी नेली आणि मला विचारलं, “काल गूळ कुणी उकळला गं?” शाल अजून धुवायला टाकलेली नाही.