रिकाम्या कंटेनरचा हिशेब कुठाय?

'न्हावा शेवा बंदराचे कंटेनर रस्त्यावरून रेल्वेवर वळवले की टन-किलोमीटरच्या (मालाचं वजन गुणिले अंतर) प्रमाणात प्रदूषण घटेल' हे तुमच्या लेखातलं गणित अर्धवट वाटलं. लांब पल्ल्याला रेल्वेच हवी, वाद नाही. दादरी ते न्हावा शेवा हा १,५०६ किलोमीटरचा मालवाहतूक मार्ग त्यासाठीच आखला. पण आमच्या भिवंडीच्या गोदामांचं काय? एवढ्या जवळच्या अंतराला कंटेनर दोनदा चढवा-उतरवायचा खर्चच भाड्याला गिळून टाकतो, म्हणून माल ट्रेलरवरच येणार.

मी कंटेनरच्या ट्रेलरच्या फेऱ्या ठरवून गाड्या पाठवण्याचं काम करतो. माल भिवंडीत उतरला की तोच कंटेनर रिकामा करून शिपिंग लाइन (जहाज कंपनी) सांगेल त्या उरणकडच्या यार्डात नेऊन द्यायचा. चाळीस फुटी रिकामा कंटेनर जेमतेम चार टनांचा, त्यामुळे टन-किलोमीटरमध्ये ही फेरी जवळपास दिसतच नाही. डिझेल मात्र जळतंच. वर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा. वाटेतल्या मुंब्रा बायपासच्या अलीकडे ट्रेलरची रांग लागते, उन्हात इंजिनं घुरघुरत असतात. प्रदूषणाचं गणित मांडणाऱ्यांनी टनांसोबत गाड्यांच्या फेऱ्या आणि थांबलेले तासही मोजावेत. आयातीचा रिकामा कंटेनर तिथल्या तिथे निर्यातीच्या मालाला मिळाला, तर रेल्वेचा एकही रूळ न टाकता रिकामा परत नेण्याची आणि निर्यातीसाठी दुसरा रिकामा आणण्याची, अशा दोन रिकाम्या फेऱ्या वाचतील.