पाडव्याच्या आधी गाडीची डिक्की उघडा

होळी-धूळवड आटोपली की आपल्याकडं पाडव्याच्या आधी घर काढतात. माळ्यावरचं सामान खाली उतरतं, गाद्या-गोधड्या उन्हात पडतात, पितळेची भांडी घासून निघतात. दारातल्या गाडीच्या वाट्याला मात्र पाइपचं पाणी येतं. टायर काळे करून, हार घालून ती पूजेला उभी राहिली की झाली तिची सफाई. मला हे पटत नाही. शेती असलेल्या घरातली गाडी वर्षातून एकदा तरी घरीच, घरच्याच माणसांनी, पूर्ण रिकामी करून साफ करावी असं माझं ठाम मत आहे. आणि ती साफ करायला बॉनेटपासून नाही, डिक्कीपासून सुरुवात करावी.

आमच्याकडं दोन गाड्या आहेत. वॅगनआर मी शाळेत जायला वापरते. बोलेरो शेतीची, घरची, पाहुण्यांची, सगळ्यांची. दरवर्षी मार्चमधल्या एखाद्या रविवारी दोन्ही अंगणात काढते तेव्हा रस्त्यानं जाणारं कुणी ना कुणी थांबतंच. "मॅडम, दर्यापूरले नेऊन टाका ना, दोनशे रुपयात चकाचक करून देते. कायले हात खराब करता?" सांगणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. वॉशिंग सेंटरवाली मुलंही मेहनती आहेत, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण वीस मिनिटांत जे दिसतं तेच ती साफ करणार. डिक्कीतली चटई उचलून खाली काय सांडलंय ते बघणं त्यांच्या कामात बसत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, कारण त्या डिक्कीत वर्षभर काय काय गेलं हे आपल्यालाच माहीत असतं.

जरा आठवून बघा. युरियाची पोती, डीएपी, पोटॅश. कीटकनाशकाच्या बाटल्या, तणनाशकाचे मोठे कॅन. बियाण्याच्या पिशव्या, ढोरांसाठी ढेप. फवारणीचा पंप, तोही बरेचदा न धुतलेला. मग त्याच जागेत लग्नाला निघताना आहेराच्या पिशव्या जातात, बाजाराचा भाजीपाला येतो, प्रवासाचा डबा ठेवला जातो. बोलेरोत तर मागं समोरासमोरच्या सीट असतात आणि तिथं हमखास लहान मुलं बसतात. चप्पल काढून बसतात, खाली पडलेला चिवडा उचलून खातात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा याबद्दल गावोगाव बोललं गेलं आणि ते गरजेचंच होतं. पण ते औषध दुकानातून शेतापर्यंत ज्या गाडीतून जातं, तिच्याबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. बाटलीवरचा त्रिकोण आपण दुकानात बघतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ती बाटली डिक्कीत आडवी पडून झाकणातून पाझरली तर त्या त्रिकोणाचा रंग चटईवर उमटत नाही. डाग वाळतो, वास कमी होतो आणि आपण विसरतो.

म्हणून पहिलं काम हे. सगळं सामान बाहेर काढा. लहान मुलांना त्या दिवशी मदतीला घेऊ नका, निदान या भागात तरी नाही. हातात रबरी मोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. ओलसर काही दिसलं तर थेट पाणी ओतायचं नाही, ते पसरतं. त्यावर कोरडी माती किंवा राख टाका, शोषू द्या, खरवडून गोळा करा. मग साबणाच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून ती जागा दोन-तीनदा पुसा. पुसायचं फडकं पुन्हा वापरायचं नाही. ते पाणी गोठ्याकडं, विहिरीकडं किंवा नालीत जाऊ देऊ नका. आणि चटईत औषध मुरलं असेल तर ती चटई धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. नवी चटई काही शेकड्यांत येते. त्यानंतर दिवसभर दारं उघडी ठेवून गाडी वाळू द्या. मार्चचं ऊन या कामासाठी फार चांगलं.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप गाडी धुवायला सोपा पडतो, फवारा बारीक निघतो, पाणी कमी लागतं, हे सगळं खरं. पण ज्या पंपातून औषध गेलंय त्यानं गाडी धुऊ नका. कितीही खंगाळला तरी नळीत, वॉशरमध्ये अंश राहतो, आणि तो फवारा तुमच्या तोंडावर उडतो. पंपानंच धुवायचं असेल तर वेगळा घ्या आणि त्यावर ठळक रंगानं "गाडी" असं लिहून ठेवा.

खताचं दुखणं वेगळं. त्याचा दाणा हवेतला ओलावा ओढतो. पोत्यातून सांडलेले दाणे चटईखाली, स्टेपनीच्या खोबणीत जाऊन बसतात, पावसाळ्यात पाणी धरतात आणि पत्रा आतून खातात. पोटॅशमध्ये तर क्लोराइड असतं, गंज धरायला तेवढं पुरतं. स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा हातानं चाचपून बघा. खडबडीत लागला तर घासून प्रायमर मारायची हीच वेळ आहे. जून लागल्यावर उशीर झालेला असतो.

आता बाकीची न दिसणारी ठिकाणं. फाल्गुनात कडुनिंब पान झाडतो आणि आपल्या बहुतेक गाड्या कडुनिंबाखालीच उभ्या असतात. सावली हवी तर दुसरं झाड तरी कुठं असतं दारात! ती पिवळी पानं काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीत जाऊन बसतात. पावसाचं पाणी तिथूनच खाली उतरून बाहेर पडायचं असतं. पानं कुजून भोक बुजलं की पहिल्या जोराच्या पावसात पाणी पायाशी येतं, आणि मग लोक म्हणतात गाडी गळते. बॉनेट उघडून दोन्ही कोपऱ्यांतली पानं हातानं काढली तर हा त्रास होत नाही. तसंच दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी निघून जायला. पावसाळ्यातली काळी माती ती भोकं लिंपून टाकते. आपली माती कोरडी झाली की दगडासारखी आणि ओली झाली की फुगून पाणी धरून ठेवणारी, त्यामुळं दार आतून सडत जातं आणि बाहेरून दोन वर्षं काहीच दिसत नाही. झाडूची काडी घालून भोकं मोकळी करा. चाकांच्या वरच्या पोकळीतला वाळलेला चिखलही आताच काढा. तो उन्हाळाभर तसाच राहिला तर मृगात पुन्हा ओला होणार.

एसी लागत नाही अशी तक्रार एप्रिलमध्ये सुरू होते. गॅस भरायला पळण्याआधी पुढची जाळी बघा. रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी असते. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या, तुरीच्या खळ्यावरून येणाऱ्या गाडीच्या त्या जाळीत कापसाची तूस, कुटार म्हणजे मळणीचा भुसा, किडे यांचा थर बसलेला असतो. त्यातून हवाच जात नाही. हलक्या धारेनं धुवा, जोराच्या प्रेशरनं त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं एसीचा फिल्टर असतो, तो काढून झटका, फार काळा असेल तर बदला. हरभरा-तूर निघण्याच्या दिवसांनंतर तो बघितला की आपण कोणती हवा घेत होतो ते कळतं. बॉनेटखाली कुटाराचं घरटं, लेंड्या दिसल्या तर वायरी नीट तपासा. शेतातला माल घरी आला की उंदीरही मागोमाग येतो.

एवढं झालं की मग बाहेरून धुणं. इथं आम्हा खारपाणपट्ट्यातल्या लोकांची अडचण मोठी आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यानं गाडी धुवायची आणि उन्हात वाळू द्यायची म्हणजे काचेवर, पत्र्यावर पांढरे ठिपके पक्के करायचे. पत्र्यावर कुठं ओरखडा असेल तर तिथून गंज धरायला मीठ आपणच पुरवतो. शक्य असेल तर नळाचं, धरणाचं पाणी थोडं राखून ठेवा. बोअरच्याच पाण्यानं धुवायचं असेल तर एका वेळी गाडीची एकच बाजू घ्या, लगेच कोरडी करा आणि शेवटचा हात गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाचा फिरवा. त्याला एक कॅन पुरतो. आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

पाण्याची ओढ असताना गाड्या काय धुता, असं कुणी म्हणेल, आणि ज्या गावात टँकर येतो तिथं ते म्हणणं बरोबरच आहे. तिथं बाहेरून धुऊच नये. आतली सगळी सफाई अर्ध्या बादलीत होते आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. जिथं पाणी आहे तिथंही पाइप सोडून देऊ नये. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडकं खंगाळायची. प्रत्येक वेळी फडकं आधी साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच साबणात बुडवायचं, म्हणजे निघालेली माती पुन्हा पत्र्यावर जात नाही. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यातला क्षार रंगावरचं मेण उतरवतो आणि दाराचं रबर कोरडं पाडतो. गाडीचा शाम्पू महाग नसतो. सकाळी ऊन चढायच्या आत काम उरका. बॉनेटला हात ठेववत नसेल तर त्यावर साबण लावायचा नाही.

पण रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं म्हणाल, तर रोज सकाळी मारल्या जाणाऱ्या कोरड्या फडक्यानं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. आपल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते फडक्याखाली घासले जातात आणि उन्हात बघितलं की गोल गोल रेषांचं जाळं दिसतं. धूळ असली तर असू द्या, तिनं काही बिघडत नाही. पुसायची असेल तर आधी पाणी शिंपडा. चकाकीसाठी डिझेलचं किंवा रॉकेलचं बोट फिरवायची सवय तर पूर्ण सोडा. तासाभरात त्यावर दुप्पट धूळ बसते आणि रबर फुगतं ते वेगळंच. धूळवडीचा गुलाल बसला असेल तर तो आधी झटका, मग पाण्यानं वाहू द्या. ओल्या हातानं चोळला की सीटवर कायमचा राहतो.

आता लग्नसराई. नवरदेवाच्या गाडीला फुलं लावताना बॉनेटवर सेलोटेप चिकटवतात, ती भर उन्हात दिवसभर भाजते आणि तिचा गोंद रंगाला चिकटून बसतो. तो काढायला पेट्रोल नको. खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवलं की सुटतो, मग साबणानं धुवा. पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या कापडानं भिजवून काढा. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर रंगात उतरते. पूजेचं हळद-कुंकूही पुसायला हरकत नाही, त्यानं देव कोपत नाही.

शोरूममधून निघताना सिरॅमिक कोटिंगसाठी आग्रह होतो. ते खोटं नाही, पाणी घसरतं, धूळ लवकर निघते. पण पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, बाभळीचे काटे आणि उडणारे खडे त्यानं अडत नाहीत, आणि धुवावं तर लागतंच. शेतात जाणाऱ्या गाडीवर त्यासाठी हजारो रुपये घालू नयेत असं मला वाटतं. त्याऐवजी धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर सावलीत साधं मेण लावा. कार्नोबा मेण ब्राझीलच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून निघतं, ऐंशी अंशांच्या वर वितळतं. आपल्या उन्हाळ्यात तेही फार महिने टिकत नाही, पण एप्रिल-मे काढून देतं. वायपरचं रबर मात्र आता बदलू नका, मे महिन्यात ते पुन्हा तडकेल. मृगाच्या आठवडाभर आधी घ्या.

आमच्या बोलेरोत यंदापासून एक बदल केलाय. औषधासाठी घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी घेतली, ती वरच्या कॅरियरवर बांधली आणि तिला कुलूप लावलं. औषध गाडीच्या आत येणार नाही, हे घरात सगळ्यांनी मान्य केलंय, वर्षाच्या बोलीवर शेतात काम करणाऱ्या सालदार दादांनीही. ज्यांच्याकडं कॅरियर नाही, छोटी गाडी आहे, ते औषध कसं आणतात? कुणी चांगली सोय केली असेल तर कॉमेंटमध्ये फोटोसकट टाका, आमच्या शाळेच्या पालकसभेत मला ते दाखवायचे आहेत.